रांगोळीने घासलेला रुपया

बाबांचं वर्षश्राद्ध १९ जानेवारी २०२५ ला झालं. पुढच्या रविवारी, २६ तारखेला, आम्ही तिघं भावंडं ठाण्याला चरईतल्या घरी जमलो आणि आईने कपाटातून स्टीलचा डबा काढून आमच्या मध्ये ठेवला. डब्यात चौतीस चांदीची नाणी. आजोबांनी बाबांना दिलेली, बाबांनी आयुष्यभर जपलेली. आई म्हणाली, "मी आहे तोवर वाटून घ्या. मागाहून कुणाच्या मनात काही राहायला नको."

आमच्यात वाद होण्यासारखं काही नव्हतं, पण वाटायचं कसं हे तिघांनाही कळत नव्हतं. मोजून वाटावीत तर सगळ्यांची किंमत सारखी नाही. वजनावर वाटावीत तर मग ती नाणी कुठली, नुसती चांदीच झाली. नेरूळचा दादा म्हणाला, आधी आपल्याकडे काय आहे ते तरी नीट कळू दे. ते काम मी अंगावर घेतलं. त्यात दिवाळी उजाडली. घरोघरी असे डबे आहेत हे मला माहीत आहे, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे.

सुरुवात मात्र त्याच्याही आधीची आहे. १२ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजन. आमच्याकडे ही नाणी वर्षातून एकदा, त्याच दिवशी बाहेर निघतात. दुपारी चिंचेच्या कोळात भिजवायची, मग ओल्या फडक्यावर रांगोळी घेऊन घासायची, पाण्याने धुऊन तबकात मांडायची. आई लग्न होऊन आली तेव्हापासून हे करत आली आहे, तिच्या आधी आजी करायची, तेव्हा राख असायची. त्या वर्षी आईचा हात दुखत होता म्हणून मी बसले. बाबा खुर्चीत बसून बघत होते. एक रुपया इतरांपेक्षा काळपट वाटला म्हणून तो मी जरा जास्तच घासला, लिंबाची फोड लावून, अंगठा गोल गोल फिरवून. लख्ख निघाला. बाबांना दाखवला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "चकाकला बघ." दोन महिन्यांनी बाबा गेले.

तो रुपया १९११ चा होता. हे साल लक्षात ठेवा.

फेब्रुवारीत पहिलं काम म्हणून यादी केली. एका वहीत अनुक्रमांक, साल, कुणाचं चित्र, वजन. वजनासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मागवला, ६४० रुपये. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया म्हणजे ११.६६ ग्रॅम, बरोबर एक तोळा. त्यात चांदी बारा भागांतले अकरा भाग, म्हणजे ९१.७ टक्के, उरलेलं तांबं. १८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला तेव्हापासून १९३९ पर्यंत हे प्रमाण टिकलं. १९४० पासून चांदी अर्ध्यावर आली. आमच्या चौतिसात सहा नाणी अशी अर्ध्या चांदीची निघाली. बाकीच्यांत एक १८४० चा कंपनीचा रुपया, काही १८६२ चे राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरियाचे, पुढचे तिचेच 'एम्प्रेस' लिहिलेले, सातव्या एडवर्डचे चार आणि बरेचसे पाचव्या जॉर्जचे.

खरंखोटं तपासायला घरच्या घरी एक पद्धत आहे, ती मला फार उपयोगी पडली. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करायचा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागायचं. १९११ चा रुपया कोरडा ११.६२ ग्रॅम भरला, पाण्यात आकडा आला १.१२. भागाकार १०.३७. या मिश्रणाचा हिशोब १०.३४ च्या आसपास येतो, म्हणजे नाणं खणखणीत. दोरा सुती घ्या, आणि नंतर नाणं पुसू नका, मऊ टिपकागदावर नुसतं ठेवून सुकू द्या.

मग नेहमीच्या सराफाकडे गेले. त्याने सगळी नाणी एकत्र काट्यावर टाकली आणि एका रुपयाला साधारण हजाराचा भाव सांगितला, त्या दिवशीच्या चांदीच्या दराने. वर आपणहून म्हणाला, "ताई, बफवर फिरवून देऊ का? पाच मिनिटांत नव्यासारखी होतील, पैसे नकोत." मी हो म्हणणार होते. दुकानात गर्दी होती आणि मला साडेबाराला बँकेत पोहोचायचं होतं, एवढ्याच कारणाने ते राहून गेलं. माणूस भला आहे. त्याच्या धंद्यात चांदी उजळणं हेच काम असतं, आणि दागिन्याला ते योग्यही आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका मैत्रिणीच्या ओळखीने नौपाड्यातल्या एका काकांकडे गेले. रेल्वेतून निवृत्त झालेत, चाळीस वर्षं नाणी जमवतात. टेबलावर जाड टॉवेल पसरलेला, त्यावर एकच दिवा, खोलीतले बाकीचे दिवे बंद, पडदे ओढलेले. मी डबा उघडून पहिलं नाणं उचललं तशी ते पटकन म्हणाले, "कडेला धरा, कडेला. आणि नाण्यावर तोंड करून बोलू नका." थुंकीचे अगदी बारीक थेंब उडतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचे काळे ठिपके उमटतात. बोटाच्या ठशाचंही तसंच, घाम आणि तेल चांदीवर बसतं आणि ठसाच्या ठसा कोरल्यासारखा राहतो.

१९११ चा रुपया त्यांनी हातात घेतला आणि ते गप्प झाले. मग सांगू लागले. राजाच्या, म्हणजे पाचव्या जॉर्जच्या, झग्यावर पदकांची माळ आहे, तिच्यात एक हत्ती आहे. त्या वर्षीच्या साच्यात हत्तीची सोंड इतकी आखूड आली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान प्रजेत संताप झाला, सरकारने पाडणं थांबवलं, बरीचशी नाणी परत घेऊन वितळवली, आणि १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला. म्हणून या सालाला मागणी आहे. संग्राहक याला डुकराचा रुपया म्हणतात. काकांनी भिंग माझ्या हातात दिलं. बोटाच्या पेरापेक्षाही लहान हत्ती, आणि खरंच, सोंडेच्या जागी नुसतं नाकाड. शंभर वर्षं हे नाणं आमच्या घरात होतं आणि ते चित्र आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"झिजलेलं अजिबात नाही," काका म्हणाले. "राजाच्या मुकुटावरचे मणी बघा, भुवई बघा, दाढीचे केस बघा. हे बाजारात फिरलेलंच नाही. तुमच्या आजोबांनी नवंकोरं घेऊन ठेवलेलं असणार." मला आनंद झाला. मग त्यांनी आपल्या संग्रहातला एक जॉर्जचाच रुपया काढला, तो दिव्याखाली धरला आणि सावकाश कलता केला. नाण्यावर उजेडाचे पट्टे उमटले, मध्यापासून कडेपर्यंत, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे, आणि नाणं फिरेल तसे ते आरेही फिरू लागले. "आता तुमचं बघा." माझ्या रुपयावर उजेड पडला आणि तिथेच राहिला. चकाकी होती, अगदी आरशासारखी, पण काहीही फिरत नव्हतं. भिंगातून बघितल्यावर कारण दिसलं. राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत शेकडो बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने वळत गेलेल्या, अर्धगोल. माझ्या अंगठ्याचा फेर होता तो. मी कशी घासत होते ते त्या रेघांवरून सरळ वाचता येत होतं.

ते आरे कशामुळे दिसतात हे काकांनी समजावून सांगितलं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की नाणं घासायचा हात आपोआप थांबतो. साचा नाण्यावर आदळतो तेव्हा दाबाने धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या उभट वळ्या सोडून जातो. उजेड त्या वळ्यांवरून परततो म्हणून तो फिरताना दिसतो. या वळ्या टांकसाळीतून नाणं बाहेर पडलं त्या क्षणाच्या आहेत आणि त्या पुन्हा कुठल्याही उपायाने निर्माण होत नाहीत. चांदी मऊ धातू. रांगोळी म्हणजे दगडाचा चुरा, राखेत वाळूचे कण असतातच, दंतमंजनातही खरखरीत पूड असते. फडक्याचा एक हात फिरला की वळ्यांचे माथे गेले. रेघा पडल्या त्या वेगळ्याच.

आणि ज्याला आपण मळ म्हणून काढतो तो बहुतेकदा मळ नसतोच. हवेतला गंधकाचा अंश चांदीशी संयोग पावतो आणि सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसतो. आधी पिवळसर सोनेरी, मग जांभळट, मग निळा, मग काळा. पावसात रस्त्यावरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो तसलेच हे रंग, थराच्या जाडीवर अवलंबून. आपल्या ठाण्यात खाडीच्या गाळाचा ओहोटीला जो वास येतो त्यातही हाच गंधक असतो. वर्तमानपत्राचा कागद, रबरबँड, लोकर यांतूनही तो येतो. आमच्या काही नाण्यांवर आडवा काळा पट्टा होता. बाबांनी दहा-दहाच्या चवडी करून रबर लावलं होतं, त्याचा तो माग.

घरी येऊन मी आईला काही सांगितलं नाही. रात्री मोबाइलवर उपाय शोधत बसले. सगळीकडे एकच कृती, ॲल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी. दुसऱ्या दिवशी काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "ताटवाटीला करा, नाण्याला नको." त्यात काळ्या थरातल्या सल्फाइडची पुन्हा चांदी होते हे खरं, पण ती मूळ वळ्यांच्या रूपात परत बसत नाही, मंद आणि पिठूळ दिसते. बाजारात मिळणारं बुडवून काढायचं द्रावण तर थर चांदीसकट विरघळवून नेतं. मुरलेली माणसं ते काही सेकंदांसाठी वापरतात, पण जास्त वेळ राहिलं तर नाणं मेल्यासारखं पांढरं पडतं. माझ्या रुपयावर करण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं. रेघा भरून निघत नाहीत. घासलेलं लपवायला पुन्हा रंग चढवणारे लोक आहेत, पण ती फसवणूकच, आणि जाणत्या नजरेला ती कळते.

एकच गोष्ट नाण्याला निर्धोकपणे लावता येते, ती ॲसिटोन. नखांचं रंग काढायचं द्रव नव्हे, प्रयोगशाळेला लागणारं शुद्ध. मी रसायनांच्या दुकानातून अर्धा लिटर आणलं, २६० रुपये. चांदीवर त्याचा परिणाम होत नाही, काळा थर ते काढत नाही, फक्त तेलकटपणा आणि चिकटा सुटतो. आमची पाच नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटात होती आणि त्यांच्यावर हिरवट चिकट साय आली होती. पीव्हीसी प्लास्टिकमधून हे पाझरतं आणि तसंच राहू दिलं तर धातू खातं. काचेच्या वाटीत ॲसिटोन ओतून नाणं दहा मिनिटं ठेवलं, काढून दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये बुडवलं, टिपकागदावर सुकवलं. घासायचं नाही, पुसायचं नाही. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद, देवापुढचं निरांजनही विझलेलं असू दे, ते भस्सकन पेटतं.

एप्रिलमध्ये, गुढीपाडवा झाल्यावर, आईने माळ्यावरून आजीची फणेरपेटी काढायला लावली. आरशाच्या मागच्या खणात एक पुडी होती. पिवळा पडलेला जुना कागद चार घड्यांत, आत एक रुपया. १९१८. कमळाच्या खाली बारीक ठिपका, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीचा. हा रुपया डब्यात नव्हता, त्यामुळे तो कुणाच्याच हाताखाली आला नव्हता. कडेला निळं, मग जांभळं, मध्ये फिक्या मधाचा रंग. मी श्वास रोखून दिव्याखाली धरला. आरे फिरले.

काका म्हणाले की १९१८ चं साल दुर्मीळ नाही, त्या वर्षी रुपये फार मोठ्या संख्येने पडले. महायुद्धामुळे हिंदुस्थानात चांदीची इतकी ओढ लागली होती की अमेरिकेने खास कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इंग्रजांना विकली. "पण असा न शिवलेला १९१८ मला रोज दिसत नाही," असंही ते म्हणाले. मी त्यांना तो विकत देऊ केला नाही आणि त्यांनीही मागितला नाही.

आता ग्रेडिंग. दादाचं म्हणणं की तिऱ्हाइताने लेखी सांगितलेलं बरं, म्हणजे आपसांत अंदाज नकोत. ग्रेडिंग म्हणजे जाणकार नाणं तपासून खरं आहे का, किती झिजलं आहे, पृष्ठभाग कसा आहे हे ठरवतात, ७० पैकी आकडा देतात आणि नाणं सीलबंद प्लास्टिकच्या पेटीत घालून देतात. ही १ ते ७० ची मोजपट्टी विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९४९ मध्ये तिथल्या जुन्या सेंटसाठी काढली, आता जगभर तीच चालते. ६० आणि त्याच्या वर म्हणजे न वापरलेलं कोरं. पण नाणं घासलेलं, खरवडलेलं किंवा डाख दिलेलं असेल तर आकडा मिळत नाही. 'डीटेल्स' असं लिहून पुढे कारण लिहितात. बाजारात आकडा असलेलं नाणं आणि 'डीटेल्स' लिहिलेलं नाणं यांच्या भावात फार अंतर पडतं.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीला असतो. मे महिन्यात तो येऊन गेला आणि म्हणाला, दे माझ्याकडे, खिशात घालून नेतो, तिथे ग्रेड करून आणतो. मायेपोटीच म्हणाला. सुदैवाने मी आधी वाचलं. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. १९११, १९१८, १८४०, तिन्ही त्यात येतात. विमानतळावर सापडलं तर नाणं जाईलच, वर खटला. भाच्यापुतण्यांच्या सामानात हौसेने जुनं नाणं घालणाऱ्या सगळ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. घरात ठेवायला, देशात विकायला अडचण नाही. जमिनीत पुरलेलं सापडलं तर मात्र १८७८ चा निखात निधीचा कायदा लागतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आमची नाणी घरातली, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

म्हणून देशातच ग्रेडिंग करणाऱ्या एका संस्थेकडे द्यायचं ठरवलं. पुडीतलं धरून सगळी पस्तीस पाठवण्यात अर्थ नव्हता. काकांनी सांगितलं, ज्या नाण्याची किंमत फीच्या पाचपट तरी नाही ते पाठवू नका. तीनच निवडली, १८४०, १९११ आणि पुडीतलं १९१८. शनिवार २४ मे ला मी आणि दादा दक्षिण मुंबईत त्यांच्या काउंटरवर गेलो. मी ठाण्याहून, तो नेरूळहून, दोघंही सीएसएमटीला भेटलो. नाणी माझ्या पर्समध्ये, पर्स पोटाशी. कुरियरने पाठवता आली असती, मन झालं नाही.

फॉर्म तीन पानी. प्रत्येक नाण्यासाठी साल, टांकसाळ, मूल्य, वजन आणि आपण सांगितलेली किंमत. या शेवटच्या रकान्यावरच विम्याची रक्कम ठरते, म्हणून तिथे घाबरून कमी आकडा लिहू नका, आणि उगाच वाढवूनही नको, कारण परतीचा खर्च त्यावर चढतो. आधार आणि पॅनच्या सही केलेल्या प्रती, वारसा कसा आला याचं साध्या कागदावर चार ओळींचं निवेदन, त्यावर आम्हा तिघांच्या आणि आईच्या सह्या. हे निवेदन त्यांनी मागितलं नव्हतं, आम्हीच जोडलं. फी प्रत्येक नाण्याला १,४५०, त्यावर १८ टक्के जीएसटी, तिघांचे मिळून ५,१३३. परतीचं विमा उतरवलेलं कुरियर ४५०. एकूण ५,५८३ रुपये. एक चौकट होती, 'आकडा न मिळाल्यास डीटेल्स पेटीत हवं का, की नाणं तसंच परत'. पेन हातात घेऊन मी दादाकडे बघितलं. "पेटीत," तो म्हणाला. देण्याआधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून घेतले आणि पोचपावतीवर वजनं लिहून मागितली. हे जरूर करा.

पंचेचाळीस दिवस सांगितले होते. तीन आठवड्यांनी फोन आला की फॉर्मवर १९१८ च्या नाण्यापुढे कलकत्ता लिहिलंय. माझीच चूक, घाईत रकाना हुकला. दुरुस्तीचा ईमेल पाठवला, त्यापायी नाण्याचा रांगेतला नंबर हुकला. जुलै सगळा पावसात आणि वाट बघण्यात गेला. मी रोज त्यांच्या संकेतस्थळावर पावतीचा नंबर टाकून बघायची, 'प्रक्रियेत' एवढाच शब्द. वाट बघताना उरलेली बत्तीस नाणी नीट ठेवायचं काम केलं. प्रत्येकाला कडक प्लास्टिकची गोल डबी, पीव्हीसी नसलेली, मापाची. शंभर डब्यांचं पाकीट ९०० रुपयांना पडलं. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, दर दोन महिन्यांनी बदलायच्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात याला पर्याय नाही.

मधल्या काळात आईला सांगितलं. खरं तर तिनेच विचारलं, "निकाल कसा येईल गं?" मी म्हटलं, १९११ चा घासलेला आहे, त्याला आकडा मिळणार नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चाळीस वर्षं मी घासली. लक्ष्मी काळी कशी ठेवायची पूजेत?" मी तिला सांगितलं की त्या रुपयावरच्या रेघा माझ्या अंगठ्याच्या आहेत, २०२३ च्या. आणि टांकसाळीची मूळ चकाकी गेली ती फक्त त्या दिवशी नाही, आजीच्या राखेपासून थोडी थोडी गेली. कुणाचंच चुकलं नाही असंही मी म्हटलं नाही, कारण तिला ते खोटं वाटलं असतं. तिने विचारलं, "बाबांना कळलं होतं का?" मला वाटत नाही. त्यांचा तो हसरा चेहरा मला आठवतो, आणि त्या चेहऱ्यासाठी मी ते नाणं पुन्हाही घासलं असतं की काय, याचं उत्तर मी अजून स्वतःला दिलेलं नाही.

४ ऑगस्टला, बहात्तराव्या दिवशी, पार्सल आलं. दादाला व्हिडिओ कॉलवर घेऊन, उघडताना चित्रीकरण करून फोडलं. १८४० च्या रुपयाला 'व्हीएफ डीटेल्स'. व्हीएफ म्हणजे 'व्हेरी फाइन', वापरलेलं पण फार न झिजलेलं; आणि 'डीटेल्स' कारण कडेवर डाख काढल्याची खूण. कधीतरी कुणाच्या तरी गळ्यात किंवा बाळाच्या करगोट्यात होता तो. १९११, 'यूएनसी डीटेल्स, क्लीन्ड'. यूएनसी म्हणजे कोरं, झीज नाही. म्हणजे आजोबांनी जपलं ते बरोबरच होतं. आणि पुडीतला साधा १९१८, एमएस ६३, म्हणजे 'मिंट स्टेट', कोरं, ७० पैकी ६३.

काकांना फोटो पाठवले. १९११ चे त्यांच्या अंदाजाने सहा-सात हजार यावेत, न घासलेला असता तर तीस-पस्तीसच्या घरात गेला असता. हा एका जाणत्या माणसाचा अंदाज आहे, लिलावात कमीजास्त होतं. आकडा ऐकून मला वाईट वाटलं, ते पैशांचं किती आणि त्या न फिरणाऱ्या उजेडाचं किती हे नाही सांगता येत.

वाटणी सप्टेंबरमध्ये झाली, एका बैठकीत. अर्ध्या चांदीची नाणी आणि फार झिजलेली मिळून अठरा निघाली, ती तिघांत सहा-सहा. राणीछापांत मात्र वेळ गेला, कारण मुंबईच्या १८६२ च्या रुपयांवर बारीक ठिपके असतात आणि संग्राहक ते मोजून प्रकार ओळखतात. आमच्या दोन नाण्यांवरचे ठिपके घासून इतके पुसट झाले होते की भिंगातूनही एकमत होईना. १९१८ धाकट्या बहिणीने घ्यावा असं सगळ्यांनाच वाटलं, आजीची फणेरपेटीही तिच्याकडेच जाणार आहे. १८४० दादाकडे. १९११ मी मागून घेतला.

२१ ऑक्टोबर २०२५ ला लक्ष्मीपूजन झालं. अभिषेकाला आम्ही दहा ग्रॅमचं नवं चांदीचं नाणं आणलं, ते आईने मनसोक्त चिंचेने घासलं. जुनी नाणी आपापल्या डब्यांत, तबकात विड्याच्या पानांवर. हळदकुंकू पानावर वाहिलं, नाण्यांना लागू दिलं नाही. पूजा झाल्यावर आईने १९११ ची पेटी उचलली, देव्हाऱ्यातल्या छोट्या बल्बखाली धरली आणि मी तिला कधी दाखवलं नव्हतं तरी हळूहळू कलती करू लागली. बहुतेक धाकटीने शिकवलं असावं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अगं, इथे बघ. अक्षरांच्या फटीत फिरतंय थोडं."

मी भिंग घेऊन बघितलं. 'किंग'च्या अक्षरांमध्ये, जिथे फडकं पोचलं नव्हतं, तिथे उजेडाचा एक बारीकसा आरा होता.